उपडा डबा

कारखान्याची उंच भिंत आणि मालगाड्यांचं आवार यांच्या मधोमध जमिनीची एक लांबट पट्टी होती. आता तिथे डांबर आहे आणि ओळीने मोटारी उभ्या असतात. पण तेव्हा ती हिरवीगार असायची. शहराच्या पोटात अशा विसरलेल्या जागा तेव्हा पुष्कळ होत्या. जागा कुणाची ते कुणालाच धड सांगता यायचं नाही, आणि कुणी विचारायच्या फंदातही पडायचं नाही. चार-पाच घरं त्या पट्टीवर भाजी पिकवून जगत होती. भिंतीच्या सावलीत पालेभाज्या, आवाराच्या बाजूला उन्हात मुळे, वांगी, टोमॅटो. मालगाडी गेली की वाफ्यांतली माती थरथरायची आणि मिरचीच्या रोपांवर कोळशाची भुकटी बसायची. ती झारीने धुवायची, हे रोजचंच काम.

पट्टीवर लिहिलेले कायदे नव्हते, न लिहिलेले मात्र होते आणि ते मोडायची कुणाची छाती नव्हती. दुसऱ्याच्या पाळीचं पाणी वळवायचं नाही. दुसऱ्याच्या वाफ्यातून चालत जायचं नाही. आणि वाफ्यावर औषध मारलं की त्याच्या डोक्याशी काठी रोवून तिच्यावर पत्र्याचा रिकामा डबा उपडा घालायचा. डबा दिसला की त्या वाफ्याला कुणी बोट लावायचं नाही. ज्याने घातला त्यानेच तो काढायचा, तोही औषधाचा जोर उतरल्यावर. डबा असलेल्या वाफ्यात चेंडू गेला तर पोरंसुद्धा तो लांबून काठीने ओढून घ्यायची.

त्या दिवशी सकाळी थोरलीने आपल्या वाफ्यावरचा डबा काढला आणि टोपलीखाली लपवून ठेवला.

थोरली आणि धाकटी या दोघी जावा. त्यांचे नवरे, सख्खे भाऊ, दूर कुठे पूल बांधायच्या कामावर होते आणि आले की पाहुण्यासारखे यायचे. पट्टीचा भार या दोघींवर. थोरलीने पिकवायचं, धाकटीने कापायचं, जुड्या बांधायच्या आणि नाक्यावर बसून विकायचं. थोरलीचा हात हलका आणि जीभ जड. धाकटीचं नेमकं उलटं. "आमच्या ताई मला दिवसभर बोलतात," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "पण पालकाला कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत. त्याला औषधाचा वाससुद्धा माहीत नाही, बाई. घ्या!" आणि लोक घ्यायचे. थोरली खरंच औषधाच्या वाटेला जात नसे. राख, साबणाचं पाणी आणि पानामागची कीड बोटांनी चिरडणं, एवढ्यावर तिने कैक वर्षं काढली होती. बाकीच्या वाफ्यांवर अधूनमधून डबे दिसायचे, तिच्या वाफ्यावर नाही. त्याचा तिला थोडा ताठाही होता.

पण त्या खेपेला मावा पडला तो राखेला दाद देईना. पानं उलटी करावीत तर खालून काळी. आणि नेमकं त्याच वेळी एका दुकानाच्या बाई भाजी बघायला येणार होत्या. बड्या वस्तीतलं दुकान. बिनऔषधाची भाजी रोज घेऊ म्हणाले होते. रोज. नाक्यावर बसायला नको, उरलेली भाजी संध्याकाळी कोमेजताना बघायला नको. थोरलीला दोन रात्री झोप लागली नाही. शेवटी शेजारच्या वाफ्याचे मुळेवाले काका म्हणाले, "अगं सूनबाई, झाकणभर देतो माझ्यातलं. मार आणि मोकळी हो. एकदा मारल्याने काय तुझं सोवळं मोडत नाही." त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत थोडं ओतून दिलं. तिने ते सांजवेळी, धाकटी नाक्यावर असताना, भिंतीकडच्या पालकावर फवारलं. मग डबा घातला. रिवाज तो रिवाज.

सकाळी मात्र तो डबा तिच्या डोळ्यांत सलू लागला. दुकानाच्या बाई विचारतील, हे काय? काय सांगायचं? तिने इकडेतिकडे पाहिलं आणि डबा, काठी दोन्ही उचलून टोपलीखाली घातली. घटकाभराचा तर प्रश्न. बाई गेल्या की परत घालू.

बाई आल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, चपला काढून पाटाच्या कडेने चालल्या. आणि नेमक्या भिंतीकडच्या वाफ्यापाशी थांबल्या. "अगबाई, काय सुरेख पान आहे!" म्हणत त्यांनी एक पान खुडलं, हुंगलं आणि सरळ तोंडाकडे नेलं.

थोरलीने ते हिसकावूनच घेतलं.

"माती आहे," ती म्हणाली. "धुतलेलं नाही."

बाई हसल्या. "किती जपता हो!" थोरलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. बाईंना सगळं पसंत पडलं. "चला, आताच दुकानात चला," त्या म्हणाल्या, "मालकांशी बोलून टाकू." थोरली मागे वळून टोपलीकडे बघत होती आणि बाई पुढे चालत होत्या. थांबा, एक डबा घालून येते, असं कसं म्हणणार? ती गेली.

दुकानात मालक यायचे होते. तिला एका स्टुलावर बसवून ठेवलं. स्टुलावर बसल्या बसल्या ती मनाला समजावत राहिली. धाकटी आज वांगी काढेल. पालक कापायचा तर पलीकडचा वाफा आहे. तो जरा राठ झालाय, पण ती तोच कापेल. कशाला भिंतीकडे जाईल?

मालक आले, हो म्हणाले, आणि ती अर्धी पळतच परतली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं.

भिंतीकडचा वाफा न्हाव्याने डोकं भादरावं तसा दिसत होता. नुसते ताजे बुडखे. कापल्याचा ओला वास अजून तिथे होता.

 तिने टोपली उचलली. डबा खाली तसाच होता, काठीही. तिने डबा हातात घेतला आणि नुसती उभी राहिली, आता तो कुठे घालायचा ते कळत नसल्यासारखी.

मुळेवाले काका मुळे धूत होते. त्यांनी मान वर केली, तिच्या हातातला डबा पाहिला, मग वाफा पाहिला. त्यांचे हात थांबले.

"तू डबा काढला होतास?"

"दुकानाच्या बाई आल्या होत्या."

"अगं, म्हणून डबा काढायचा?" ते पाण्यातून उठलेच. मग आवाज खाली आला. "हे बघ. धुतल्यावर जातं बरंचसं. शिजल्यावर तर काहीच राहत नाही. लोक काय कच्चं चघळतात?"

"काका, कालच मारलंय."

"मग? गावभर दवंडी पिटणार आहेस?" काकांनी आजूबाजूला पाहिलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, सूनबाई. एकदा का नाक्यावर कळलं, तर तुझा पालक राहू दे, माझ्या मुळ्यालाही कुणी विचारणार नाही. सगळ्या पट्टीची भाजी नासली म्हणून समज. पोलीस येतील ते वेगळंच. पहिला प्रश्न विचारतील, औषध कुणी दिलं? माझं नाव घेशील ना?"

थोरलीला काकांची भीती दिसत होती. स्वतःची तिला दिसत नव्हती, ती नुसती पोटरीत जाणवत होती. डबा तिथेच टाकून ती निघाली. "सूनबाई!" काकांनी मागून हाक मारली, पण ती थांबली नाही.

नाक्यावर कामावरून परतणाऱ्यांची गर्दी होती. धाकटी पाटीमागे मांडी घालून बसली होती, एका हाताने भाजीवर पाणी शिंपडत आणि तोंडाने दोन बायांशी भांडत. "चवळी जून आहे म्हणता? अहो, आपणही जून झालोय, आपल्याला कुणी परत करतं का?" बाया हसत होत्या. थोरलीला पाहून धाकटी आणखी खुलली. "या ताई! काय म्हणालं दुकान? आता मोटारीतून फिरणार का आम्ही?"

थोरली पाटीपाशी उकिडवी बसली. पालकाच्या जुड्या एका कडेला रचून ठेवल्या होत्या. तिने त्या ओढून पदरात घेतल्या.

"हा भिंतीकडचा?"

"हो. पलीकडचा राठ झालाय, म्हटलं आज हा काढू. गिऱ्हाईक नुसतं बघत राहिलं. अहो, काय करताय? पदर भिजेल!"

"किती विकल्या?" थोरलीचा आवाज तिलाच ओळखू येईना.

धाकटीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती चवळीवाल्या बायांना म्हणाली, "बाई, उद्या या, आज संपलं," आणि चवळी डोळ्यांसमोर असताना त्या बाया बुचकळ्यात पडून निघून गेल्या.

"डबा नव्हता," धाकटी अगदी हळू म्हणाली.

"मी काढला होता."

"नव्हता डबा. मी बघूनच गेले ना आत. ताई, मी बघितलं होतं."

"मीच काढला होता गं. त्या बाईंना दिसू नये म्हणून."

धाकटीने पाणी शिंपडणं थांबवलं.  मग तिच्या तोंडून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, थोरलीसाठी एकेरी शब्द निघाला. "तू माझ्या हाताने लोकांना विष घालायला लावलंस?" लगेच तिने ओठ चावला. पण शब्द निघून गेला होता, आणि त्यात काही खोटंही नव्हतं.

"कुणाकुणाला दिलंस? आठव."

"एक शिंपीणबाईंना. एक मास्तरांना." धाकटीने डोळे मिटले. "आणि एक... ताई, एक नवीनच बाई होती. कडेवर मूल. बाळाला पहिल्यांदाच भाजी द्यायचीय म्हणाली. पुन्हा पुन्हा विचारलं तिने, औषध नाही ना, औषध नाही ना? मी म्हटलं..."  काय म्हटलं असेल ते थोरलीला पाठ होतं.

"कुठे राहते?"

"माहीत नाही. पहिल्यांदाच आली होती."

पाटी शेजारी बसणाऱ्या मोच्याच्या ताब्यात देऊन दोघी निघाल्या. शिंपीणबाईंचं घर जवळ होतं, नशिबाने जुडी अजून खिळ्याला टांगलेली होती. "कीड निघालीय हो," थोरली म्हणाली, "दुसरी देते उद्या." शिंपीणबाईंनी जुडी दिली आणि वर म्हणाल्या, "तरीच धाकटी आज जास्त गोड बोलत होती!" एरवी धाकटीने याला काही तरी झणझणीत उत्तर दिलं असतं. तिने नुसतं तोंड फिरवलं.

मास्तर दार उघडायला वेळ लावायचे. निवृत्त, एकटे, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करणारे. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात सुरी होती आणि मागे पाटावर पालक अर्धा चिरलेला.

"मास्तर, तो पालक परत द्या. कीड निघालीय त्यात."

"कीड?" मास्तर एकदम खूष झाले. "अहो, मग उत्तमच की! कीड लागते म्हणजे औषध नाही. मी तर म्हणतो, ज्या भाजीला कीड विचारत नाही ती माणसाने का खावी? मी निवडून घेईन. जा तुम्ही."

"नको मास्तर, द्या ना."

"बाई, मी तुमच्याकडून घेतो तो का? यासाठीच." आणि ते सुरी घेऊन आत वळले.

थोरली उंबऱ्यावर उभी. खोट्याचं असंच असतं, एक खपवायला गेलं की दुसरं आडवं येतं. पाटाशी बसलेल्या मास्तरांची पाठ तिला दिसत होती. मानेवर पांढरे, विरळ केस. 

"कीड नाही," ती म्हणाली. "औषध आहे. मी मारलंय. काल."

मास्तरांची सुरी थांबली. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चिरलेलं, न चिरलेलं सगळं गोळा केलं, एका कागदात बांधलं आणि तिच्या हातात दिलं. मग बादलीशी जाऊन ते कोपरापर्यंत हात धूत राहिले.

"आणखी कुणी नेलाय?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

"एका बाईने. लहान बाळ आहे तिचं."

"मग इथे काय उभ्या राहिलात?" आता ते वळले. "आणि तिच्यापुढे कीडबीड सांगू नका."

धाकटीला एवढंच आठवत होतं, की ती बाई पाण्याच्या टाकीकडे वळली होती. टाकीमागे एकच मोठी इमारत, चारी बाजूंनी मजले, मधे फरसबंद चौक. असंख्य दारं. दोघी चौकात जाऊन उभ्या राहिल्या. दिवेलागण झाली होती. खिडक्या एकेक करून उजळत होत्या आणि प्रत्येक खिडकीतून काही ना काही शिजल्याचा वास येत होता. कुठे कांदा परतला जात होता, कुठे झाकण खडखडत होतं. कुठल्या तरी घरात मूल रडत होतं, मग दुसऱ्या घरात, मग भलत्याच बाजूने तिसरं.

"एकेक दार वाजवू या," धाकटी म्हणाली आणि जिन्याकडे पळाली. पहिल्या दारात कुणी ओळखलं नाही. दुसऱ्या दारात म्हातारीला ऐकू येत नव्हतं. तोवर वरच्या कुठल्याशा मजल्यावरून चमचा भांड्यावर आपटल्याचा आवाज आला, टिक टिक, मुलाला खेळवत भरवताना आई आपटते तसा. आणि थांबला.

थोरलीने वर पाहिलं. त्या आवाजाला दार नव्हतं, मजला नव्हता.

आयुष्यात ती कधी नाक्यावर ओरडली नव्हती. ओरडून विकणं धाकटीचं. तिने तोंड उघडलं तर पहिल्यांदा नुसता वारा निघाला.

"पालक!" मग आवाज फुटला. "नाक्यावरून पालक घेतलेल्या बाई! बाळाच्या आई! पालक देऊ नका! बाळाला देऊ नका!"

खिडक्यांत डोकी आली. "काय झालं? कोण आहे?"

"पालकावर औषध आहे! विषारी औषध! मी मारलंय, भाजीवाली! पट्टीवरची! बाळाला देऊ नका!"

चौकात आवाज घुमून तिच्याकडेच परत येत होता. वरून कुणी शिवी हासडली. एका बाईने आपल्या घरातला आजचा सगळा भाजीपाला खिडकीतून खाली फेकला, त्यात पालक नव्हताच. "या पट्टीवाल्यांना हाकलायला हवं," कुणी तरी म्हणालं. धाकटी जिन्यात उभी राहून जावेकडे बघत होती, जणू ही बाई तिने कधी पाहिलीच नव्हती.

तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी एक तरुण बाई आली. तिच्या हातात चमचा होता.  तो सुटला आणि खाली चौकात येऊन पडला.

वर पोचेपर्यंत थोरलीचा श्वास संपला होता. खोलीत जमिनीवर चादर, तिच्यावर भिंतीला टेकवून बसवलेलं मूल. बसता येऊ लागून फार दिवस झाले नसावेत. हनुवटीला, ओठांना, गालाला हिरवं लागलेलं. ते नवीन माणसं बघून हसलं, आणि त्याच्या तोंडातून लाळेची तार गळ्यापर्यंत गेली.

"किती खाल्लं?"

"दोन-तीन चमचे. निम्मं थुंकलं. मी धुतलं होतं चांगलं, उकडलं होतं, पाणी ओतून दिलं होतं." ती बाई भराभर बोलत होती, जणू परीक्षा देत होती. "बटाट्यात कुस्करलं. मी सगळं केलं होतं. तुम्ही म्हणालात औषध नाही." हे धाकटीला. मग थोरलीकडे वळून, "कुणी मारलं? तू?"

"मी."

"चल," ती म्हणाली. मूल तिने उचललं, उकडलेल्या पालकाचं भांडं थोरलीने, आणि तिघी जिना उतरल्या. चौकातल्या लोकांनी वाट दिली. वाट देताना ते मागे सरकले, माणसं रोग्यापासून सरकतात तसे.

दवाखाना दोन गल्ल्यांपलीकडे होता. डॉक्टरीणबाईंनी बाकावरची सगळी रांग बाजूला सारून मूल आधी घेतलं. त्याचे कपडे काढले, डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली. मूल नळी ओढू लागलं. त्याच्या तोंडातून लाळ गळतच होती, टेबलावरच्या कागदावर थारोळं झालं होतं.

"लाळ कधीपासून एवढी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "विषानेही अशी गळते."

"दात येतायत," आई म्हणाली. "महिनाभर अशीच गळते. अशीच... की जास्त आहे? मला कळत नाहीये. जास्त आहे का हो?" तिने बाळाची हनुवटी पुसली. पुसून होईस्तोवर पुन्हा ओली. ती पुन्हा पुसायची आणि कापडाकडे बघायची.

"औषध कुठलं होतं?"

थोरलीने हातातलं भांडं पुढे केलं.

"बाई, नाव काय औषधाचं? त्यावर सगळं आहे."

"मला नाव माहीत नाही," थोरली म्हणाली. "खोकल्याच्या बाटलीत दिलं होतं."

"कुणी दिलं?"

काकांचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. माझं नाव घेशील ना? पट्टीवर शेजाऱ्याचं नाव पोलिसांपुढे, डॉक्टरांपुढे, कुणापुढेच घेत नसत. हाही न लिहिलेला कायदा होता. "मुळेवाले काकांनी," ती म्हणाली. तोवर धाकटी दाराबाहेर गेली होती. तिच्या चपलांचा आवाज गल्लीत पळत गेला.

मग वाट बघणं आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाम येतोय का बघा. श्वास घरघरला, ओकारी झाली, तर मला लगेच सांगा. मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल." आई बाकावर बसली. एका हाताने तिने मूल धरलं होतं, दुसऱ्या हाताने थोरलीचं मनगट. रागाने नव्हे. ही बाई उठून गेली तर विचारायला कुणी उरणार नाही, म्हणून. नखं रुतत होती आणि थोरलीने हात हलवला नाही. दोघी वाकून त्या मुलाचं कपाळ बघत होत्या. ओलं आहे? की दिव्याचा उजेड? थोरलीने मोकळ्या हाताने त्याच्या पाठीला स्पर्श केला. गरम होती. मुलं गरमच असतात. तिला स्वतःची मुलं त्या वयाची कशी होती ते आठवेना. डोकं खरवडून काढल्यासारखं रिकामं झालं होतं. त्यात एवढंच येत होतं: दुकानाच्या बाईंच्या हातातून मी पान हिसकावलं होतं. म्हणजे मला माहीत होतं.

मुळेवाले काका आले ते धाकटीच्या मागून, धापा टाकत, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली औषधाची मूळ बाटली. ते थोरलीकडे बघत नव्हते. "फेकायला निघालो होतो," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "खरं सांगतो. हिने वाटेत गाठलं." त्यांनी मुलाकडे एकदा पाहिलं आणि टोपी हातात घेतली.

डॉक्टरीणबाई बाटलीवरचं बारीक अक्षर वाचू लागल्या. सगळे त्यांच्या कपाळाकडे बघत होते. कपाळाला आठी पडली, मोडली, पुन्हा पडली. त्यांनी बाटली उलटी करून मागचंही वाचलं. काका पुटपुटले, "मी झाकणभरच दिलं होतं. झाकणभरच." 

"वाईट औषध आहे," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "पण धुतलं होतं, उकडून पाणी टाकलं होतं आणि पोटात फार गेलेलं दिसत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या ठीक आहेत. छातीही मोकळी आहे. आत्ता तरी घाबरण्यासारखं काही दिसत नाही. इथेच बसा अजून." मग पुन्हा बॅटरी, पुन्हा नळी. बाहेर रांगेतली माणसं कुजबुजत होती. पट्टीवरचा पालक, हे शब्द थोरलीच्या कानावर पडत होते आणि ते दारातून बाहेर, गल्लीतून नाक्याकडे, दुकानाकडे चालत जाताना तिला दिसत होते.

मूल आईच्या खांद्यावर झोपलं. झोपलं म्हणून दोघी घाबरल्या, डॉक्टरीणबाईंनी येऊन बघितलं आणि म्हणाल्या, "झोपेची वेळ आहे त्याची, झोपणारच. बहुतेक निभावलं. घरी न्या. रात्रभर जागं राहून श्वास बघत राहा, काही वाटलं तर इकडे न येता थेट इस्पितळ गाठा."

बहुतेक. थोरलीने तो शब्द ऐकला, आईनेही ऐकला. तिने मनगट सोडलं. तिथे चार लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या.

"मी येते रात्री बसायला," थोरली म्हणाली.

"नको." ती बाई दारापर्यंत गेली आणि थांबली. "माझं भांडं."

भांडं बाकाखाली होतं. तळाला हिरवा लगदा वाळत चालला होता. थोरलीने तो खरवडून डॉक्टरीणबाईंनी दाखवलेल्या डब्यात टाकला आणि भांडं घेऊन मागच्या अंगणात नळाशी बसली.

तिने माती लावून घासलं. धुतलं, नाकाशी नेलं. वास होता. तिने पुन्हा माती घेतली, कडेच्या खाचेत नख घालून काढलं, पालथं करून बूड घासलं, धुतलं, हुंगलं. वास होताच. की तो तिच्या हातांचा होता? काल याच हातांनी पंप धरला होता. तिने हात कोपरापर्यंत चोळले आणि भांडं पुन्हा घेतलं.

"ताई, पुरे," धाकटी मागे येऊन उभी राहिली होती. "निघालंय सगळं. बुडाला भोक पडेल आता."

"तू हुंग."

धाकटीने भांडं घेतलं, हुंगलं, परत दिलं. "नाही येत."

"नीट हुंग."

"नाही येत म्हणते ना." पण धाकटीने ते सांगताना नजर चुकवली, की तिला तसं वाटलं?

दारात ती बाई झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन उभी होती. तिने मोकळा हात पुढे केला. थोरली उठली, दोन पावलं गेली. भांडं चकचकीत होतं. उद्या त्यात त्या मुलाचं काही तरी शिजणार होतं.

ती परत फिरली, नळ सोडला आणि भांडं पुन्हा त्याच्याखाली धरलं.